दिवंगत वडिलांची गाडी

माझ्या जिवंत बापाला मी एका ईमेलमध्ये मारून टाकलं, आणि ते कशासाठी, तर आमच्या गाडीचे फोटो मासिकात छापून यावेत म्हणून. वाचून ज्यांना माझी चीड येईल त्यांनी रांगेत उभं राहावं. रांगेत पहिली मीच आहे.

आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांबट खोली. पुढे गाड्या, डाव्या भिंतीला बाबांचा कोपरा. बाबा डेंटर. चेपलेला पत्रा ठोकून ठोकून सरळ करण्यात त्यांची हयात गेली. मधला भाग दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा. आणि अगदी मागे, जिथे पूर्वी फाटके टायर टाकायचे, तिथे माझं शिलाई मशीन. मी सीट शिवते. कोपरा मिळाला तोही टायर भंगारात गेले म्हणून, माझं कौतुक होतं म्हणून नव्हे.

गाडीचं नाव म्हैस. आईने ठेवलेलं. काळी, रुंद, आणि एकदा बसली की उठायचं नाव नाही. मूळची बाबांची चार दारांची गाडी, कित्येक वर्षं भिंतीला टेकून धूळ खात होती. दादाच्या डोक्यात आलं की हिची दोन दारांची गाडी करायची, छप्पर खाली घ्यायचं, मागचा भाग उतरता करायचा. इंजिन आणि सांगाडा दादाने केला, सीट मी शिवल्या, आणि दारं बाबांनी केली. चार दारांची दोन करायची तर दारं लांब लागतात, नाहीतर मागे बसणाऱ्याला कसरत शिकावी लागेल. बाबांनी पुढचं दार आणि मागचं दार कापून दोन्हींचं मिळून एक केलं. जोड कुठे आहे ते डोळे मिटून हात फिरवला तरी कळत नाही. रंग देण्याआधी दादा त्या दारावरून सारखा हात फिरवायचा आणि बाबा म्हणायचे, "अरे, गाडी आहे ती, मांजर नाही."

आता तुम्ही म्हणाल, मासिकाचं एवढं काय अडलं होतं. अडलं होतं. डेंट काढायला लोक कुणाकडेही जातात, पण चांगली चालती गाडी कापायला कुणी गल्लीतल्या वर्कशॉपला देत नाही. मासिकात आलेल्या वर्कशॉपला देतात. दादाने म्हशीपायी बाकीची कामं सोडली होती. गाडी छापून आली नाही तर तिला विकून परत बंपर बसवत बसावं लागणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बोलत नव्हतो इतकंच.

आम्ही मासिकाला फोटो पाठवले. उत्तर नाही. परत पाठवले. मग एका पत्रकाराने दोन ओळी लिहिल्या की गाडी सुंदर आहे, पण सुंदर गाड्या आम्हाला रोज येतात, हिच्यामागची गोष्ट काय?

दादा म्हणाला, "लिही काहीतरी. तुला येतं ते."

मला येतं. तोच तर घोळ आहे. बाबा मला लहानपणापासून बॅरिस्टर म्हणतात, कारण मी सकाळी उठले की वाद घालत उठायचे. बसले लिहायला. पहिल्यांदा खरं लिहिलं. वडील डेंटर आहेत, भाऊ गाड्या बनवतो, मी सीट शिवते. वाचून माझीच मला जांभई आली. मग मी लिहिलं, 'ही आमच्या दिवंगत वडिलांची गाडी.' आणि काय सांगू, तो एक शब्द पडला आणि पुढचं सगळं नळ सोडल्यासारखं आलं. वडील झोपेत गेले. गाडी भिंतीपाशी उभी राहिली. आम्हा बहीणभावांना ती विकवेना. आणि मग मी लिहिलं की शाळा सुटली की मी दप्तरासकट वर्कशॉपमध्ये जायचे, आणि वडील माझ्या हातात छोटी हातोडी द्यायचे, माझ्या हातावर हात ठेवून पत्रा कसा बोलतो ते ऐकायला शिकवायचे. लोक म्हणायचे, पोरीच्या जातीला हे कशाला. वडील म्हणायचे, हात आहेत ना तिला.

हे लिहिताना मी रडले. खोटं लिहिताना माणूस रडतो, आणि वर त्याला वाटतं आपण किती मनापासून लिहितोय.

कारण यातलं एक अक्षर खरं नव्हतं. शाळा सुटली की मी वर्कशॉपमध्ये जायचे एवढं खरं. बाबा मला शटरपाशीच अडवायचे. "घरी जा. हे पोरींचं काम नाही." दादा आत असायचा, हातोडी त्याच्या हातात असायची, शिव्याही तोच खायचा, आणि मला त्या शिव्यांचासुद्धा हेवा वाटायचा. शिवण मी पलीकडच्या रस्त्यावरच्या सोफेवाल्या बाईंकडे शिकले. पुढे दादाला सीट शिवणारं कुणी मिळेना म्हणून मी मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये आले. बाबा काही म्हणाले नाहीत. चांगलंही नाही, वाईटही नाही.

ईमेल गेला आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. गोष्ट मनाला भिडली, मी स्वतः येतो, वडिलांचा एखादा जुना फोटो असेल तर पाठवा. मी बाबांचा तरुणपणीचा फोटो पाठवला, म्हशीला टेकून उभे असलेला. त्यात त्यांच्या डोक्यावर केस होते, त्यामुळे ओळखू यायची भीती नव्हती.

घरी सांगणं भाग होतं. दुपारी सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा सांगितलं. दादाला ठसका लागला. आईने हातातली पळी भांड्यात सोडली.

"म्हणजे मला न विचारता विधवा केलंस?"

"कागदोपत्री, आई."

"आणि तो येईल तेव्हा मी काय करायचं? पदर तोंडाला लावून बसू?"

बाबा जेवत होते. घास संपवला, पाणी प्यायले, मग विचारलं, "कशाने गेलो?"

"हार्ट अटॅक," मी म्हणाले.

"दवाखान्यात?"

"नाही. झोपेत."

"हे बरं केलंस. कुणाला त्रास नाही." आणि परत जेवायला लागले.

दादा हसून हसून लाल झाला. मीही हसले. आईसुद्धा शेवटी हसली, पण मला म्हणाली, "जीभ जळो तुझी." मला वाटलं, निभावलं. ईमेलचा दुसरा भाग, हातोडीचा आणि शिकवण्याचा, मी कुणालाच सांगितला नव्हता. एवढं सगळं झाल्यावर तेवढंसं कशाला सांगायचं, असं मी स्वतःला पटवलं. बॅरिस्टर ना मी, स्वतःच्या बाजूने तर पहिली केस जिंकते.

पत्रकार येणार त्या दिवशी बाबांनी मावशीकडे जावं असं ठरत होतं. बाबांनी साफ नकार दिला. डाव्या दाराची बिजागरी अजून बसली नव्हती, दार उघडलं की केसभर खाली यायचं, आणि ते बाबांशिवाय कुणाला जमत नव्हतं. "मेलो तर मेलो," म्हणाले, "पण दार लोंबतंय असा फोटो नको." मग ठरलं की बाबा म्हणजे जुने कारागीर. सगळ्यांनी त्यांना काका म्हणायचं.

पत्रकार एकटाच आला. कॅमेराही त्याच्याच गळ्यात. चांगला माणूस होता, हेच तर वाईट झालं. आगाऊ, आखडू असता तर माझ्या मनाला तेवढं लागलं नसतं. आल्या आल्या त्याने आईला नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमचं दुःख मी समजू शकतो." आई म्हणाली, "नाही हो समजणार तुम्हाला," आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला पळाले.

दादाची तारांबळ बघण्यासारखी होती. "बा... बाजूला व्हा जरा काका." "बा... बारा नंबरचा पाना द्या काका." बाबा मात्र मुरलेल्या नटासारखे. पाना देत होते, फडकं मारत होते, कॅमेरा आला की फ्रेमच्या बाहेर सरकत होते.

पत्रकाराने दार उघडलं, लावलं, परत उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं, जे दादाच्या चेहऱ्यावर दिसायचं. दारावरून हात फिरवत त्याने विचारलं, "हे कुणी केलं?"

कुणी काही बोलायच्या आत बाबा दादाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याने."

दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. 'काकांनी केलं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, कारागिराने दार केलं यात गोष्टीला कुठे धक्का लागत होता? पण मी इतकी घाबरलेली होते की कुठली वीट काढली तर भिंत पडेल हेच मला कळत नव्हतं. पत्रकाराने दादाचं नाव लिहून घेतलं.

मग तो बाबांच्या कोपऱ्यात गेला. बाबा स्टुलावर बसून कुणाच्या तरी मडगार्ड घासत होते. पत्रकार शेजारच्या डब्यावर टेकला. मी माझ्या मशीनपाशी होते, ऐकू सगळं येत होतं.

"तुम्ही मालकांबरोबर खूप वर्षं काम केलं असेल ना?"

"सुरुवातीपासून."

"कसे होते?"

"हट्टी. काम बरं करायचा."

"मला या मुलीने लिहिलेलं फार आवडलं," पत्रकार म्हणाला, आणि त्याने खिशातून फोन काढला. मला कळलं तो काय करणार आहे. मला उठून धावायला हवं होतं, काहीतरी पाडायला हवं होतं, बोंब मारायला हवी होती. तो माझ्याच शब्दांत, माझ्याच बापाला, वाचून दाखवायला लागला. शाळा सुटल्यावरचं दप्तर. छोटी हातोडी. हातावर ठेवलेला हात. पत्रा कसा बोलतो ते ऐकायला शिकवणं. लोक काय म्हणायचे, आणि वडील काय म्हणायचे. हात आहेत ना तिला.

बाबांचा घासणारा हात मधेच कधीतरी थांबला होता.

"तुमच्या डोळ्यांसमोरच शिकली असेल ती," पत्रकार म्हणाला. "कसे शिकवायचे तिला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तेव्हा मी तिथे नव्हतो," ते म्हणाले.

मग उठले, बिजागरीचा एक स्क्रू आवळला, हात पुसले आणि बाहेर गेले. पत्रकार जाईपर्यंत आले नाहीत.

त्यानंतर बाबा रागावले असं कुणालाच वाटलं नसतं. जेवत होते, कामाला येत होते, दादाला शिव्या देत होते. फक्त मला बॅरिस्टर म्हणणं बंद झालं. नावाने हाक मारायला लागले. दुसऱ्या कुणाच्या घरात ही प्रेमाची गोष्ट ठरली असती. आमच्या घरात बाबा मला नावाने फक्त परक्यांसमोर हाक मारतात.

शेवटी मीच गेले त्यांच्या कोपऱ्यात. "बाबा, ते मी गोष्ट चांगली व्हावी म्हणून लिहिलं."

"कुठलं? मेल्याचं की शिकवल्याचं?"

"दोन्ही."

"मेल्याचं काय, माणूस मरतोच कधीतरी," ते म्हणाले. "मारलंस ते मारलंस. पण बाप बदलून घेतलास." आणि हातोडी उचलून ठोकायला लागले. ठोकण्याच्या आवाजात पुढे काही बोलता येत नाही. त्यांना हे माहीत होतं.

मी मागे येऊन बसले. टाका घालता येईना. मला स्वतःची इतकी लाज वाटली की वाटलं, रेक्झिनमध्ये स्वतःलाच शिवून टाकावं. आणि लाजेच्या तळाशी एक राग पण होता, तोही सांगते. शटरपाशी कुणी अडवलं होतं, बाबा? मी खोटं का लिहिलं, तर खरं लिहिण्यासारखं तुम्ही काही ठेवलं नव्हतं म्हणून. हे मनात आलं आणि मग आणखीच लाज वाटली. खरं असलं तरी म्हाताऱ्या माणसाला ते परक्याच्या तोंडून ऐकवायचं नसतं.

मासिक आलं. सहा पानं. म्हैस अशी दिसत होती की आई म्हणाली, नाव बदलायला हवं. मथळा, 'दिवंगत वडिलांची गाडी'. खाली बाबांचा केसांसकट फोटो. दादाचा फोन दिवसभर वाजत राहिला. एकजण तर गाडी घेऊन थेट दारातच आला, म्हणे, कापा. दादाने मला उचलून गोल फिरवलं. खाली ठेवल्यावर मी मासिक पालथं करून ठेवलं.

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बाबांचे जुने दोस्त, रेडिएटरवाले काका, हातात मासिक, डोळे सुजलेले. आईला बघून त्यांना हुंदका आवरेना. "वहिनी, मला कळवलंसुद्धा नाही?" आई म्हणायला लागली, "अहो, ऐका तरी," पण ऐकतोय कोण. तेवढ्यात मोरीचं दार उघडून बाबा बाहेर आले, कमरेला टॉवेल.

रेडिएटरवाले काका भिंतीला टेकले. रंग उडाला त्यांचा. मग उलगडा झाल्यावर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादा हसत होता. मी हसू शकले नाही. त्या माणसाने खरोखर एक दोस्त गमावला होता, निदान बसमधून येईपर्यंतच्या वेळात.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "आण ते मासिक."

चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवत ठेवत वाचायला लागले. बाबा सावकाश वाचतात. गाडीचं वाचलं, इंजिनचं वाचलं. दारांची स्तुती होती, दादाच्या नावाने, ती वाचून दादाला म्हणाले, "बघ, नाव कमावलंस." दादाने मान खाली घातली. मग त्या परिच्छेदाशी आले. पत्रकाराने तो जसाच्या तसा छापला होता. बोट तिथे थांबलं, परत वर गेलं, परत खाली आलं. आईने दिवा लावला तरी त्यांचं वाचन संपलं नाही.

मी उठले. दादाला म्हणाले, "मी त्यांना सगळं खरं कळवतेय. आता, लगेच."

"कामं जातील आलेली," दादा म्हणाला. मग बाबांकडे बघून म्हणाला, "जाऊ दे. कळव. दारांचंही कळव."

मी तिथेच बसून लिहिलं. या वेळी सजवलं नाही. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं, पाठीमागे काही करायचं नाही असं ठरवलं होतं. 'माझे वडील जिवंत आहेत. तुम्ही ज्यांच्याशी बोललात ते काका म्हणजे तेच. गाडीची दोन्ही दारं त्यांनी केली आहेत, माझ्या भावाने नाही. त्यांनी मला लहानपणी वर्कशॉपमध्ये शिकवलं हेही खरं नाही, ते मी रचलं. या सगळ्याला मी एकटी जबाबदार आहे, आणि पुढच्या अंकात तुम्ही हे छापावं अशी विनंती आहे.'

बाबांचं बोट अजून त्या परिच्छेदावरच होतं.

"जिवंत आहे ते लिही," ते म्हणाले. "तो रेडिएटरवाला बिचारा मरायचा एखाद्या दिवशी. दारांचंही राहू दे, दादाची हरकत नसेल तर."

"आणि?"

त्यांनी चष्मा काढला, मासिक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"ते शिकवल्याचं," बाबा म्हणाले, "तेवढं खोडू नकोस."

'ते मी रचलं' ही ओळ मी काढून टाकली आणि ईमेल पाठवला.